हात अडखळू नयेत म्हणून

राजाने दार उघडलं नाही, म्हणून म्हातारी रात्रभर बाहेर कुडकुडत बसली, अशी ताईची गोष्ट होती. ती तिने हातांनी सांगितली होती. ताईला लहानपणापासून ऐकू येत नसे, आणि तिचं सगळं बोलणं हातांतून, भुवयांतून आणि खांद्यांतून चालायचं. तिच्या पाठच्या भावाने, म्हणजे भाऊने, ती गोष्ट कॉम्प्युटरवर कापून-जोडून नीटनेटकी केली आणि इंटरनेटवर टाकली. दुसऱ्याच दिवशी कर्णबधिर शाळेतल्या पोरांचे निरोप यायला लागले. राजाने दार उघडलं, तर मग म्हातारी बाहेर का बसली? आत जायला तिला काय झालं होतं? एका मुलीने तर सरळ विचारलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय का?

भाऊने व्हिडिओ पुन्हा लावला आणि कपाळाला हात लावला. ताईच्या भाषेत 'नाही' शेवटी यायचं. आधी राजा, मग दार, मग उघडणं, आणि सगळ्यात शेवटी हाताचा एक झटका आणि मानेचा नकार. तो नकारच कापला गेला होता. बिचारा राजा दार उघडून मोकळा झाला होता.

ताई रागावली नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मग फोन समोर धरून पोरांना खरं काय ते सांगून टाकलं. फोन खाली ठेवल्यावर मात्र तिने कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट केलं आणि ते बोट तसंच दाराबाहेर नेलं. हे डबडं घराबाहेर काढ, याहून स्पष्ट कुठल्या भाषेत सांगता आलं नसतं.

डबडं म्हणण्यासारखंच होतं ते. भाऊची लेक कॉलेजात असताना घेतलेलं. लेकीचं लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली आणि यंत्र माहेरी राहिलं. ताई शाळेतून निवृत्त झाली, घरात बसून कंटाळली आणि गोष्टी सांगायला लागली, तेव्हा भाऊने ते झटकून पुसून कामाला लावलं. भाऊचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि घरामागच्या खोलीत बसून तो साचे ओतायचा, दात घासायचा, कवळीला चकाकी आणायचा. बारीक कामाची सवय असलेला माणूस. त्यामुळे व्हिडिओ कापण्याचं कामही त्याने आनंदाने अंगावर घेतलं.

दर रविवारी हॉलमधला सोफा भिंतीकडे सरकायचा, कपाटावर निळी चादर चढायची, आणि ताई तिच्यापुढे उभी राहायची. एक फोन समोर, दुसरा बाजूला, कारण काही खुणा समोरून बघितल्या तर एका हातामागे दुसरा हात लपतो. दोन फोनांची दोन चित्रं कॉम्प्युटरवर एकत्र लावली, की तो घाम फुटल्यासारखा घरघरायचा. चित्र थांबायचं, विचार करायचं आणि एकदम उडी मारायचं. छातीपाशी असलेला ताईचा हात कपाळापाशी उगवायचा. मधे तो कुठून कसा गेला, हे भाऊने अंदाजाने ठरवायचं आणि कात्री चालवायची. राजाचं दार अशाच एका उडीत उघडलं होतं.

"नवाच घेऊ," रात्री जेवताना भाऊ बायकोला म्हणाला.

"नवा कशाला? आतलं बदलून मिळतं म्हणतात," वहिनी म्हणाली. ताई तिला हाताच्या एका ठरलेल्या खुणेने 'वहिनी' म्हणायची, म्हणून हळूहळू सगळ्या गल्लीची ती वहिनी झाली होती. इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर ती बसायची आणि तिथे रोज शेकडो माणसांशी बोलूनही घरी तिच्याकडे बोलण्याचा साठा शिल्लक असायचा. "जावईबापूंना विचारा. ते त्यातलेच."

जावईबापू त्यातलेच होते. नोकरी विमा कंपनीत, पण जीव सगळा कॉम्प्युटरवरच्या खेळांत. त्यांच्या घरचं यंत्र जत्रेतल्या पाळण्यासारखं हिरवं-जांभळं झगमगायचं. भाऊने विचारायचाच अवकाश, त्यांनी फोनवर माहितीचा पूर सोडला. कुठला प्रोसेसर, किती रॅम, कुठलं ग्राफिक्स कार्ड. भाऊलाही चटक लागली. कवळी घासता घासता तो परीक्षणं बघायला लागला, आणि जेवताना भाजीत मीठ कमी आहे की जास्त हे सांगण्याऐवजी कुठल्या मदरबोर्डला किती खाचा असतात ते सांगायला लागला.

"लेकीसाठी स्थळ बघतानासुद्धा इतकी चौकशी केली नव्हती तुम्ही," वहिनी म्हणाली.

"म्हणून तर माझा नंबर लागला," जावई म्हणाले. तो रविवार होता आणि लेक-जावई जेवायला आले होते. "बाबा, बाकी कुठेही काटकसर करा, पण कार्डात हात आखडता घेऊ नका. कार्ड दणदणीत हवं. त्यावर तीन पंखे असतात."

"तीन?" भाऊने आदराने विचारलं.

"आणि ते मोठं असतं. हे एवढं." जावयांनी ताटाच्या बाजूला हात धरून लांबी दाखवली.

"मग जुन्या कॅबिनेटात मावेल का? बघ, हा बोर्ड इथे येतो," भाऊने वाटी इकडे सरकवली, "ही रॅम," चमचा आडवा ठेवला, "आणि हा पॉवर सप्लाय इथे. जुनाच ठेवू, चालतोय की तो."

"जुना नको बाबा, त्याचं काही खरं नसतं."

"अरे चालतोय म्हटल्यावर—"

"आवाज किती करणार ते सांगा आधी," वहिनी मधे पडली. "आत्ताचा लावला की मला वाटतं गिरणीत राहतेय."

लेकही काहीतरी म्हणाली. चौघं एकदम बोलत होते, तोंडात घास, हातात चमचे. एरवी भाऊ बोलतानाच हाताने खुणा करत जायचा. लहानपणापासूनची सवय. एक वाक्य तोंडाने आणि तेच हातांनी, ताईला कुणी वेगळं सांगावं लागू नये म्हणून. आज त्याचे हात वाट्यांचा मदरबोर्ड मांडण्यात गुंतले होते.

ताईने एकदा याच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा त्याच्या. मग आपल्या ताटाकडे पाहिलं. आणि मग तिने टेबलावर तळहात आपटला. पेल्यांतलं पाणी हिंदकळलं, मदरबोर्ड झालेली वाटी उलटली आणि सगळे गप्प झाले.

ताईचे हात सावकाश उठले. 'माझ्या हातांसाठी यंत्र घेताय,' ती खुणांनी म्हणाली, 'आणि तुझे हात गप्प आहेत.'

भाऊच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने चमचा खाली ठेवला, हात पुसले आणि पहिल्यापासून सगळं तिला सांगितलं. प्रोसेसर म्हणजे काय, रॅम म्हणजे काय, कार्डाला तीन पंखे कशाला. कॉम्प्युटरच्या भागांना खुणा नव्हत्या, त्या त्याने तिथल्या तिथे बनवल्या. रॅमसाठी त्याने दोन बोटं खाचेत दाबल्यासारखं केलं. ताईने ती खूण दुरुस्त केली, जास्त देखणी करून परत दिली. सगळं ऐकून, म्हणजे बघून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

'कापणार कोण?'

'मी. नेहमीसारखा.'

'मी कापणार,' ताई म्हणाली.

भाऊने जावयांकडे पाहिलं, जावयांनी वहिनीकडे. खुणा वहिनीला चांगल्या कळायच्या. "बरोबरच आहे की," ती म्हणाली आणि हातांनीही तेच म्हणाली.

भाऊला ते लगेच गिळता येईना. इतके दिवस रविवारची संध्याकाळ तो त्या खुर्चीवर घालवत आला होता. मान दुखायची, डोळे चुरचुरायचे, पण बहिणीसाठी आपण काहीतरी करतोय याचं एक सुख होतं, आणि ते सुख त्याने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. 'मी चुकलो ते या डबड्यामुळे,' तो म्हणाला. 'नवीन आलं की चुकणार नाही.'

ताईने मान हलवली. 'तू कापतोस तेव्हा मी तुझ्या शेजारी बसते. मी तुझे ओठ बघते. तू माझं वाक्य मनात तोंडाने म्हणतोस. तुझं तोंड मिटलं की तू कापतोस.' ती थांबली, तो नीट बघतोय ना याची खात्री करून पुढे म्हणाली, 'माझं वाक्य तेव्हा संपलेलं नसतं. ते माझ्या डोळ्यांत चालू असतं.'

लेकीने उलटलेली वाटी सरळ केली. भाऊ मनातल्या मनात त्याने कापलेल्या गोष्टी आठवत होता, एकामागून एक, आणि प्रत्येकीच्या शेवटी ताईचे डोळे कसे तुटले असतील ते त्याला दिसत होतं. शेवटी त्याने उजवा हात उचलला आणि 'तू' असं म्हणून माउस धरल्यासारखी मूठ तिच्याकडे सरकवली.

मग बेत बदलला. यंत्र ताईचं, तेव्हा काय हवं ते ताई सांगणार. तिचं म्हणणं साधं होतं. हात अडखळता कामा नयेत. दोन्ही फोनांची चित्रं शेजारी-शेजारी, मोठी दिसली पाहिजेत. आणि खोकं टेबलावर नको, कारण त्याची थरथर टेबलातून कोपरांत येते आणि डोकं दुखतं. आवाजाचं तिला काही देणंघेणं नव्हतं.

"मला आहे ना देणंघेणं!" वहिनी म्हणाली. "पंखे मुके घ्या."

दुकान एका जुन्या छपाईखान्याच्या खालच्या मजल्यावर होतं. शनिवारी दुपारी चौघं तिथे गेले: ताई, भाऊ, वहिनी आणि जावई. दुकान चालवणाऱ्या बाई स्वतःच यंत्रं जुळवायच्या. काउंटरवर एक उघडं कॅबिनेट आडवं पडलं होतं, त्याच्या पोटातून रंगीबेरंगी वायरी बाहेर आल्या होत्या, आणि बाईंच्या केसांत पेन्सिलीच्या जागी पेचकस खोचलेला होता. भाऊने यंत्र कुणासाठी आणि कशासाठी ते सांगितलं. ते कळल्यावर बाई भाऊकडे बघायच्या बंद झाल्या. जे काय विचारायचं ते त्या ताईच्या तोंडाकडे बघून, ओठ नीट हलवत विचारायला लागल्या, आणि भाऊ मधे उभा राहून हात चालवत राहिला. ताईला त्या तिथेच आवडल्या.

"व्हिडिओत काय काय करता?" बाईंनी विचारलं. "आग, धूर, माणसं उडवणं असलं काही?"

'राक्षस आहे,' ताई म्हणाली, 'पण तो मी स्वतःच होते.'

बाई हसल्या. "म्हणजे कापायचं, जोडायचं आणि खाली अक्षरं टाकायची. मग तीन पंख्यांचं कार्ड कशाला? ते आगीला आणि धुराला लागतं."

जावयांचा चेहरा उतरला. "पण पुढेमागे लागलंच तर?"

"पुढेमागे लागलं तर पुढेमागे बसवू. खाच मोकळी राहील." बाईंनी ताईचा फोन मागितला आणि त्यातलं चित्रीकरण उघडून पाहिलं. "तुमचा घोटाळा कुठे होतोय सांगू? फोन चित्र घडी घालून ठेवतो. घट्ट दाबून, बॅगेत कपडे कोंबतो ना आपण, तसं. जागा कमी लागते. पण दाखवताना प्रत्येक घडी उलगडावी लागते. नव्या प्रोसेसरात ते उलगडायला वेगळी सोयच असते. तुमच्या जुन्यात या घडीची सोय नाही, म्हणून तो बिचारा हाताने एकेक कपडा काढत बसतो."

भाऊने घडीची खूण केली, उलगडायची केली. जुन्या प्रोसेसरसाठी त्याने कपडे उपसता उपसता धापा टाकणारा माणूस केला. तो इतका हुबेहूब झाला, की ताईने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"माझ्या बोलण्यावर जाऊ नका," बाई म्हणाल्या. "दोन यंत्रं लावते. बघून ठरवा."

एक होतं तीन पंख्यांच्या कार्डाचं, काचेच्या भिंतीचं, आतून निळं पेटलेलं. जावई त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. दुसरं राखाडी रंगाचं, दिवा ना बिवा, एखाद्या बँकेत असावं तसं. दोन्हींवर बाईंनी ताईची तीच गोष्ट लावली, समोरचं आणि बाजूचं चित्र शेजारी-शेजारी.

ताईने खुर्ची ओढली. आधी निळ्या यंत्रासमोर बसली. हात सरळ वाहत गेले, कुठे खंड नाही. मग तिने माउस धरला आणि चित्र हळू केलं, आणखी हळू केलं. एक बोट उघडायला किती वेळ घेतं ते बघितलं. मग उलटं चालवलं. पडद्यावरच्या ताईने हवेत टाकलेला शब्द परत गोळा केला आणि मुठीत घेऊन कुशीत ठेवला. खुर्चीवरची ताई खुदकन हसली. ती उठून राखाडी यंत्रासमोर बसली आणि पहिल्यापासून तेच सगळं केलं. भाऊ तिच्या मागे उभा होता आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण पडद्याकडे न बघता तिच्या मानेकडे बघतोय. अडखळलं असतं तर ती मान आखडली असती.

मान सैल होती. ताई वळली. 'दोन्हींत मी सारखीच सुंदर दिसते,' ती म्हणाली. 'हे घेऊ. याला दिवे नाहीत. ते निळं मला डोळ्यांत जातं.'

"आत्याने निकाल दिला," जावई म्हणाले आणि काचेच्या यंत्राला त्यांनी प्रेमाने थोपटलं. पण ते अगदीच हरले नाहीत. पॉवर सप्लाय जुनाच ठेवू असं भाऊने पुन्हा म्हणताच बाईंनी जावयांची बाजू घेतली. इतका जुना पॉवर सप्लाय एखाद्या दिवशी स्वतः जाईल आणि जाताना नव्या बोर्डालाही सोबत नेईल, असं त्या म्हणाल्या. भाऊ निमूट झाला. रॅम सोळा जीबी पुरेल असं त्याचं मत होतं. बाईंनी बत्तीस सांगितली, कारण दोन चित्रं एकदम उघडी राहणार होती. चालू गोष्टीसाठी वेगवान एसएसडी, आणि जुनी मोठी हार्ड डिस्क संपलेल्या गोष्टींच्या कोठीसारखी ठेवायची. कॅबिनेट जुनंच, प्रशस्त होतं ते. पंखे वहिनीने कान लावून निवडले.

कार्डाचे जे पैसे वाचले, त्यांत मॉनिटर आला. बाईंनी आधी एक चकचकीत पडद्याचा दाखवला. त्यात दारातला उजेड आरशासारखा दिसत होता आणि ताईची बोटं त्या उजेडात विरघळत होती. ताईने तो बाजूला सारला. दुसरा न चमकणारा, रुंद. तिने समोर बसून आपला तळहात पडद्यावरच्या तळहाताला लावून पाहिला. जवळजवळ तेवढाच होता. तो घेतला.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून जुळणी झाली. जुन्या कॅबिनेटमधली धूळ भाऊने साच्यांची भुकटी झाडायच्या ब्रशने कोपऱ्याकोपऱ्यातून काढली. प्रोसेसर बसवायचं काम जावयांनी मोठ्या मनाने त्याच्याकडे दिलं. "यात जोर लावायचा नाही बाबा. कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळला की नुसता सोडायचा."

"जोर?" भाऊ म्हणाला. "अरे, आयुष्यभर मी लोकांच्या हिरड्या सांभाळल्यात." त्याने श्वास रोखून प्रोसेसर सोडला आणि तो आपल्या जागी अलगद बसला. त्याची उष्णता ओढून घेणारा लेप वरून लावायचा असतो, तो त्याने इतका सारखा पसरला, की जावयांनी फोटो काढून मित्रांना पाठवला.

मग बटण दाबलं. पडदा काळाच राहिला.

पुन्हा दाबलं. पुन्हा काळं. भाऊचा चेहरा पडद्याहून काळा झाला. जावई टेबलाखाली शिरून वायरी ओढून बघायला लागले. स्वयंपाकघरात वहिनीचा मिक्सर चालू होता आणि नवे पंखे असे मुके, की आत काही फिरतंय की नाही तेही कळेना. ताईने मात्र कॅबिनेटच्या पाठीवर तळहात ठेवला होता. थोड्या वेळाने तिने दुसऱ्या हाताने भाऊचा खांदा हलवला.

'जिवंत आहे,' ती म्हणाली. 'पण दम लागतोय त्याला. चालू होतो, थांबतो, परत चालू होतो.' आणि तिने हवेत त्याची चाल दाखवली.

भाऊने ते मोठ्याने सांगितलं आणि जावई टेबलाखालून डोकं आपटतच बाहेर आले. "थांबून परत चालू होतोय? मग वायर नाही, रॅम असणार. नीट बसली नाही!" त्यांनी बाजूची पाटी काढली, रॅमची पट्टी उपटली आणि दोन्ही अंगठ्यांनी खाचेत दाबली. टक् झालं. तो टक् ताईच्या तळहाताला लागला आणि तिने दुसरा हात वर करून 'आता' असं सांगितलं. पडद्यावर उजेड आला. मिक्सर बंद करून वहिनी धावत आली, तर दोघे पुरुष एकमेकांच्या पाठी थोपटत होते आणि ताई एकटीच शांतपणे खुर्ची पुढे ओढत होती.

त्या खुर्चीवरून मग तिला उठवणं कठीण झालं. सुरुवातीला भाऊने तिला कात्री कुठली, जोडायचं कसं ते दाखवलं. दोनेक आठवड्यांत तीच त्याला नवं काही दाखवायला लागली. आवाजाची पट्टी पडद्यावर खाली दिसायची, ती तिने पहिल्या दिवशीच काढून टाकली आणि ती जागा बाजूच्या चित्राला दिली. जुन्या गोष्टीही तिने एकेक करून परत कापायला घेतल्या. भाऊ मागून बघायचा. तो जिथे कापत असे त्याच्या जराशी पुढे ती कापायची. एखादी भुवई खाली येईपर्यंत, किंवा हात मांडीवर विसावेपर्यंत ती थांबायची. एवढासा फरक, पण गोष्ट मोकळा श्वास घ्यायची. पाहताना त्याला बरं वाटायचं आणि थोडं टोचायचंही. मग तो उगाच चहा हवा का विचारायचा आणि ती न बघताच 'नको' म्हणायची.

"रविवारी आता काय करायचं?" त्याने वहिनीला विचारलं.

"फळीचा खिळा केव्हाचा निघालाय, तो ठोका," वहिनी म्हणाली. खिळा ठोकून झाला. मग त्याने नळ दुरुस्त केला, जो बिघडलेला नव्हता.

हे सगळं ताईच्या नजरेतून सुटलं असेल असं मानणाऱ्याने ताईला ओळखलंच नाही. एका रविवारी सोफा सरकवून झाल्यावर ती नेहमीसारखी निळ्या चादरीपुढे उभी राहिली नाही. तिने भाऊच्या हातातला पाना काढून घेतला आणि त्यालाच खांद्याला धरून चादरीपुढे उभं केलं.

'हे काय?' भाऊ घाबरून म्हणाला.

'नवीन गोष्टीत दोघं आहेत. एक न्हावी आणि एक आळशी अस्वल. अस्वलाला दाढी करून हवीय. दोघं मीच झाले तर पोरं गोंधळतात.'

'मला तुझ्यासारखं येत नाही. माझी भाषा घरगुती आहे.'

'अस्वलाची तशीच असते,' ताई म्हणाली. 'दुकानात तू तो कपडे उपसणारा माणूस केलास. तेव्हाच ठरवलं मी.'

वहिनीने उजेडाचा दिवा धरला आणि हसू आवरेना म्हणून तिच्या हातात तो हलत राहिला. भाऊने आधी लाजत, मग जरा कमी लाजत अस्वल केलं. खुर्चीत अंग सोडून बसला, पोट खाजवलं, दाढीचा साबण नाकात गेल्यावर शिंकला. दुसऱ्यांदा शिंकताना त्याने बाजूचा फोन पाडला. ताईने पुन्हा घ्यायला लावलं, आणि पुन्हा, आणि पुन्हा. 'डोळे!' ती सारखी म्हणायची. 'वाक्य झालं तरी डोळे सोडू नकोस.' दुपार कलली तेव्हा भाऊच्या खांद्यांना रग लागली होती आणि इतका दमला तरी त्याला भूक मात्र कडकडून लागली होती.

दोन दिवसांनी ती कापलेली गोष्ट दाखवायला तिने त्याला मागच्या खोलीतून बोलावलं. हाताला कवळीची भुकटी तशीच, तो येऊन तिच्या शेजारी बसला. पडद्यावर एक गलेलठ्ठ आळस न्हाव्याच्या खुर्चीत पसरला होता. आपण असे दिसतो, हे भाऊला ठाऊक नव्हतं.

'शिंक एकच ठेवलीस?' तो म्हणाला. 'मी तर चांगल्या चार शिंकलो होतो.'

'एकच चांगली होती.'

'आणि ते पोट खाजवणं कुठे गेलं?'

'लांबलं होतं.'

भाऊने तक्रार करायला हात उचलले, आणि तेवढ्यात पडद्यावरच्या अस्वलाने दाढी झालेला गाल चाचपडून पाहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू, भलताच हळूहळू उजळत गेला. ते त्याने कधी केलं होतं ते त्याला आठवेना. बहुतेक फोन बंद व्हायच्या आधी, शेवटी एकदाचं संपलं म्हणून तो आपणहून हसला असावा. ताईने तेवढं पूर्ण ठेवलं होतं.

उचललेले हात त्याने तसेच मांडीवर ठेवले. मग खुर्चीला टेकून बसत त्याने विचारलं, 'पुढच्या गोष्टीत कोण आहे?'

'दोन बोकड,' ताई म्हणाली, आणि माउस सरकवत चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं.